गणू नाखव्याचा गुडघा

गणू नाखव्याबद्दल कुणीतरी लिहावं असं मला फार वर्षं वाटत होतं. ज्यांना लिहिता येतं अशा दोघातिघांना मी सुचवूनही पाहिलं. 'हो, हो' म्हणाले. आता माझ्याच हातून होईल तेवढं लिहितो. दुकानाच्या पाटीपलीकडे मला लिहायची सवय नाही. कुठे मागेपुढे झालं तर सांभाळून घ्यावं.

पनवेलला बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझा सोड्याचा कारखाना होता. कारखाना आपला म्हणायचा. एक खोली, गॅसची नळकांडी, बाटल्या गरागरा फिरवणारं एक जुनं यंत्र आणि पुढे फळी टाकून केलेलं दुकान. गोटीचा सोडा, लेमन आणि जिरा, एवढाच माल. सकाळी पोट बिघडलेली माणसं यायची आणि संध्याकाळी पोट बिघडवून घ्यायला निघालेली. संध्याकाळच्या गिऱ्हाइकाला साधा सोडा लागे. पिशवीत बाटल्या टाकून ही मंडळी पुढे कुठे जातात, ते मी विचारत नसे.

गणू पहिल्यांदा आला तो एकोणनव्वद साली, असाच संध्याकाळचा. तिशीचा, उंच, काळासावळा. चालताना एक पाय किंचित उशिरा यायचा. फळीला टेकून म्हणाला,

"दोन सोडे द्या आप्पा. एक माजा, एक पुणेकराचा."

मी त्याच्या मागे पाहिलं. कुणी नव्हतं. त्याने पँटवरून डाव्या नडगीवर टिचकी मारली. टक् असा आवाज आला.

"हा पुणेकर. पुण्याला मिलिटरीवाल्यांनी बनवून दिला. पक्का पुणेकर हाय. दुपारी एक ते चार झोपतो, कोनासाठी उठत नाय."

मी हसलो. आधी हसलो आणि मग वाटलं, हसायला नको होतं. पण त्याला तेच हवं असावं. लोकांनी पायाकडे चोरून बघण्याआधी तो स्वतःच त्यांना हसवून मोकळा व्हायचा.

कोळीवाड्यातलं घर. बाप नाखवा, म्हणजे होडीचा मालक. गणूला लहानपणापासून पाण्याची आणि होडीची सवय, म्हणून फौजेच्या भरतीत त्याला इंजिनिअरांच्या पलटणीत घेतलं. तिथे नद्यांवर पूल टाकायचे, होड्या चालवायच्या, सुरुंग शोधून काढायचे. आपली फौज श्रीलंकेत गेली तेव्हा त्याची तुकडीही गेली. एका कच्च्या रस्त्यावर पुढे राहून तो सुरुंग शोधत होता. बरेचसे सापडले. एक नाही सापडला. डावा पाय गुडघ्याखाली गेला. त्याच्या मागून चालणारे सगळे वाचले. हे मला त्याने कधी सांगितलं नाही. त्याची बायको दमयंती हिने सांगितलं, तेही फार पुढे.

गणू सांगायचा ते वेगळंच.

"हास्पिटलात डाक्टर म्हनला, तुजा गुडघा वाचला, नशीबवान हायस. मला राग आला. पाय नेला आनि नशीबवान कसला? मग पुन्याला वार्डात गेलो. गुडघा असनारे कसे चालतात आनि गुडघा नसनारे कसे चालतात, ते बघितलं. तवा कळला गुडघा म्हंजी काय."

कोळ्याच्या धंद्यात तर गुडघ्याशिवाय काहीच नाही. जाळं ओढताना होडीच्या काठाला गुडघा टेकवून सगळं अंग मागे टाकावं लागतं. वर आपला गुडघा आणि खाली पुणेकर, एवढ्यावर गणू उभा राहू शकत होता. गुडघा गेला की मग किनाऱ्यावर बसून दुसऱ्यांची जाळी शिवायची. त्या कामात काही कमीपणा आहे असं मी म्हणत नाही. पण गणूला होडीत जायचं होतं, आणि ते त्याच्या डोळ्यांत दिसायचं.

पण होडीत जाण्याआधीची दोन वर्षं दारूत गेली.

मला वाटायचं, हा पलटणीत प्यायला शिकला असेल. तो म्हणाला, नाही. तिथे मोजून मिळायची, मिळाली नाही तर आठवणही येत नसे. शिकला तो घरी आल्यावर. लढाईतून आलेला म्हणून ज्याच्या त्याच्या घरी आधी ग्लास पुढे यायचा. शिवाय फौजेच्या कॅन्टीनची रम दर महिन्याला मिळायची. ती घेऊन तो मुंबईहून आला की घरात माणूस मावत नसे. ज्यांनी एरवी रस्त्यात ओळख दिली नसती, ते दूरचे मामा निघायचे.

आणि दुखायचं. असलेला पाय नव्हे, नसलेला. गेलेल्या पायाच्या अंगठ्याला मुंग्या यायच्या. खाजवायला हात नेला की हाताला खाट लागायची. "नाय तो पाय दुखतो," तो म्हणायचा, "त्याला औषद कुठं लावू?" मग औषध पोटातच जायचं.

एक दिवस मासळीची रिकामी पाटी डोक्यावर घेऊन दमयंती दुकानाशी थांबली. बाई ठसठशीत, बाजारात तिच्या आवाजाने गिऱ्हाईक वळायचं. त्या दिवशी हळू बोलली.

"आप्पा, आमचे हे पिऊन पडले. पाय न काढताच झोपले. दोन दिवस तसेच. आत जखम झाली, पू झालाय. डाक्टर म्हनतो, आता सुकंल. पर परत असं झालं तर गुडघ्याच्या वरून कापावा लागंल."

"मी त्याला सोडा देणं बंद करू का?"

"नको. सोडा नाय दिला तर पान्यात घालून पितील. तुमच्यावर राग नाय. कोनाला तरी सांगावासा वाटला."

पाटी सावरून ती गेली. मला नेमकं वेळेवर कधी बोलता येत नाही.

पुढचे काही आठवडे गणू आला नाही. आला तो कुबडी घेऊन, पुणेकराशिवाय, उतरलेल्या चेहऱ्याने. दुकानात दुसरं कुणी नाही हे पाहून म्हणाला,

"आप्पा, तुमचा जिरा रमसारखा दिसतो."

"दिसतो खरा. साखर जाळून घालतो ना मी रंगाला."

"त्यातला फेस काढता येईल?"

"गॅसच भरला नाही की झालं. पण असला मचूळ जिरा पिणार कोण?"

"मी."

पिशवीतून त्याने रमची रिकामी बाटली काढली. दमयंतीने उकळत्या पाण्याने धुऊन धुऊन तिचा वास घालवला होता. "वास ऱ्हायला तर जीव तिकडं ओढतो," तो म्हणाला. ही बाटली जिऱ्याने भरून हवी होती. चारचौघांत बसला की हिच्यातून ओतून घेणार, म्हणजे कुणी दुसरी पुढे करणार नाही.

"सरळ सांग ना लोकांना, सोडली म्हणून," मी म्हणालो.

"तुमी कोळीवाड्यात नाय ऱ्हात आप्पा. लंगड्याला सगळी सांभाळून घेतात. न पिनाऱ्याला कोन होडीत घेत नाय. आनि फौजी असून पीत नाय म्हनल्यावर, पायासोबत आनखी काय काय गेला ते इचारतील."

मी बाटली भरून दिली. तेव्हापासून आठवड्यातून एकदा ती बाटली माझ्याकडे भरायला यायची. मी ती वर्तमानपत्रात गुंडाळून देत असे. बघणाऱ्याला वाटे, सोडावाला आप्पा आता दारूही विकू लागला. माझी पत्नी कुमुद हिच्या कानावरही ते आलं. तिला मी खरं सांगितलं. ती म्हणाली, "मग माझ्या तव्यावर भाजलेलं चांगलं जिरं घाला त्यात, बाजारचा भुगा नको."

हे सगळं सरळ पार पडलं असं नाही. एका शिमग्याला तो घसरला. चार दिवसांनी आला तेव्हा तोंड सुजलेलं, पुणेकराचा विनोद नाही. बाटली फळीवर ठेवली. "घसरलो," एवढंच म्हणाला. मी भरून दिली. ती घेताना त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. पण हात पुढे केला होता. त्या दिवसापासून मला तो माणूस फार मोठा वाटू लागला. न पडणारे मी पुष्कळ पाहिले आहेत. पडल्यावर चार दिवसांत रिकामी बाटली घेऊन परत येणारा एकच पाहिला.

जखम सुकल्यावर त्याने एक नवाच उद्योग काढला. ओहोटीला खाडीच्या चिखलात उतरायचा. पाय काढून काठावर ठेवायचा आणि गुडघ्यांवर सरकत सरकत बिळांत हात घालून निवट्या पकडायचा. निवटी म्हणजे चिखलात उड्या मारणारी ती बोटभर मासळी. एकदा मी काठावरून पाहत होतो. आठदहा माणसं चिखलात होती. त्यांतला गणू कुठला ते मला ओळखता येईना.

"तेच तर," तो नंतर म्हणाला. "चिखलात सगळेच गुडघ्यापर्यंत बुडालेले. कोनाला एक पाय, कोनाला दोन, बघतो कोन? आनि चिखल थंड असतो. नाय तो पाय पन गप ऱ्हातो."

त्या चिखलानेच त्याचं अंग पुन्हा तयार झालं. बाप गेल्यावर घरची होडी राहिली नव्हती. मग दमयंतीचा भाऊ भगवान याने त्याला आपल्या होडीत घेतलं. आधी दया म्हणून घेतलं असेल. पुढे गणू नसला की भगवान खोळंबून राहायचा. जाळं टाकून झाल्यावर होडीत ग्लास निघायचे, तेव्हा गणू आपल्या बाटलीतून घ्यायचा. खऱ्या रमच्या बाटल्या तो महिन्याला आणून सगळ्यांना वाटून टाकायचा. या एकीला मात्र कुणाला हात लावू द्यायचा नाही.

त्यामुळे कोळीवाड्यात बोलबाला झाला, की फौजी आपल्यासाठी काहीतरी खास राखून ठेवतो. साहेब लोकांची असणार. भगवान तर तोंडावर म्हणायचा, "पाय दिला देशाला, पर बाटली देनार नाय मेव्हन्याला!" गणू हसून घ्यायचा. कंजूष म्हणवून घेणं त्याला परवडत होतं.

त्र्याण्णव सालच्या मे महिन्यात गणूच्या धाकट्या बहिणीचं, भामाचं लग्न निघालं. हळदीचं आमंत्रण द्यायला तो स्वतः आला. मी अशा ठिकाणी फारसा जात नाही. कुठे बसावं, हात कुठे ठेवावेत, तेच कळत नाही. पण त्याला नाही म्हणवेना.

ऊन उतरायच्या वेळेला मी पोचलो. दारापुढे मांडव, मधे मांडवाची मेढ, म्हणजे मुख्य खांब, रोवलेली. पाटावर भामा, अंगाला हळद लागायची बाकी. तिच्याशेजारी गोदूबाई बसलेली. गोदूबाई म्हणजे तिथली धवलारीण. कोळ्यांच्या लग्नात धवले गाऊन विधी करणारी ही बाई. तिच्या शब्दावर मांडव चालतो. तिकडे बेंजोवाले तारा जुळवत होते. मला कडेची खुर्ची मिळाली.

हळद लावण्याआधी देवांच्या आणि पितरांच्या नावाने मेढीच्या बुडाशी दारूची धार सोडायची, अशी त्या घरातली रीत. धार सोडायचा मान देवजीकाकाचा. हा गणूचा चुलता, बाप गेल्यावर घरात तोच वडील. पुढ्यात कॅन्टीनच्या बाटल्या मांडून ठेवल्या होत्या. देवजीकाकाने त्यांच्याकडे पाहिलं आणि मान हलवली.

"ही आपल्याला. देवाला चांगली पायजे. गन्या ती राखून ठेवतो ना, ती देवाची."

गणू मागच्या बाजूला चुलीवरच्या टोपाशी होता. त्याला विचारायला कुणी गेलं नाही. देवजीकाका स्वतः घरात गेला आणि फळीवरची ती बाटली घेऊन आला. देवांची नावं घेतली, पितरांची घेतली, आणि मोठ्या मनाने धार सोडली.

मी खुर्चीवरून उठलो, पुन्हा बसलो.

मांडवभर भाजलेल्या जिऱ्याचा वास पसरला.

देवजीकाकाने बाटली नाकाशी नेली. बोट बुडवून चाखलं. त्याचा चेहरा मी विसरणार नाही.

"गन्याऽ! अरे, देवाला जिरा पाजलास?"

पोरं हसली. बायका हसल्या नाहीत. हळदीच्या आधी देवाची फसवणूक म्हणजे भामाच्या संसाराला खोट, अशी कुजबुज सुरू झाली. गणू टोपाजवळून धावत आला तोवर भगवान पुढे झाला होता.

"दोन वर्सं होडीत आमच्यासमोर बसून ढोसतोस ती ही? आमी कोन, येडे? इतकी लाज वाटते आमची?"

"मेव्हना, तुजी नाय लाज..."

"थांब," देवजीकाका म्हणाला. "आधी देवाचं बघू. नवी बाटली फोड. तुज्या हातानं धार सोड, आनि रीतीपरमानं पयला घोट परसाद म्हनून तू घे. सोडनाऱ्यानं घेतला नाय तर देवाला पोचत नाय."

"ते घेनार नाय!" दमयंती पुढे आली. गणूने हात करून तिला थांबवलं.

"काका," तो म्हणाला, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "मी पीत नाय. कवाच सोडली. पिऊन पडलो तर हा गुडघा जाईल, डाक्टरनं सांगितलाय. गुडघा गेला तर होडी गेली. लपवला, ही चूक माजी. देवाला जिरा गेला तो माज्यामुळं. धार मी सोडतो. पर घेनार नाय."

"एका घोटानं कोनाचा गुडघा गेलाय?"

"माजा जातो."

भामा पाटावरून भावाकडे बघत होती. तिच्या लग्नाच्या भल्यासाठीच सगळे त्याला घोट घ्यायला सांगत होते, आणि तिचा चेहरा असा, की तिने नुसतं 'दादा' म्हटलं असतं तरी त्याने घेतला असता.

गणूने बाटली फोडली. मेढीशी धार सोडली. मग प्रसादाची म्हणून उजव्या तळहाताच्या खळग्यात थोडी घेतली. मी त्याच्यापासून चार हातांवर होतो. त्याच्या नाकपुड्या फुलल्या. तळहात छातीपर्यंत आला. शिमग्यानंतरचं ते सुजलेलं तोंड मला आठवलं.

तळहात तसाच धरून तो जमिनीवर बसला. दमयंतीला म्हणाला, "पट्टा काढ." तिने पँट वर सारली, पट्टे सोडले, पुणेकराला बाजूला ठेवलं. त्याचा उघडा पाय घराबाहेर कुणी पाहिलेला नव्हता. चिखलातसुद्धा तो झाकलेलाच असायचा. काहींनी माना वळवल्या.

गणूने तळहातावरची रम त्या गुडघ्यावर ओतली आणि दोन्ही हातांनी चोळली.

"देवानं ह्यो ठेवला माज्यापाशी," तो म्हणाला. "परसाद ह्यालाच."

देवजीकाका गोदूबाईकडे पाहू लागला. सगळेच पाहू लागले. ती म्हातारी उठली, वाकून त्या गुडघ्याला हात लावला, आणि तो हात मेढीला लावला.

"अंगी लागला ना? मग पोचला. माज्या सासूच्या गुडघ्याला वात होता, तिला पन हाच लावायचे. तवा देव रागावला नाय. आनि देवजी, परसाद तोंडानंच घ्यायचा असतो, हे तुला कोनी सांगितला? तुज्या घशानं? बस गप. पोरीची हळद सुकते."

आणि तिने धवला उचलला. बायकांनी मागून सूर धरला. भामाने डोळे पुसले तोवर तिच्या गालाला पहिली हळद लागली.

देवजीकाका थोडा वेळ फुरंगटून बसला. मग ती जिऱ्याची बाटली उचलून म्हणाला, "देवानं घेतलाय तर आपन पन बघू," आणि उरलेला सगळा पिऊन टाकला. ढेकर दिली. म्हणाला, "चांगला लागतो की!" हशा उसळला. माझ्या मते पाणी तिथे ओसरलं.

भगवान मात्र हसला नव्हता. तो तसाच उठून गेला. गणूची होडी गेली, असं मनात म्हणत मी घरी आलो.

तिसऱ्या दिवशी सकाळी गणू दुकानात आला. सकाळी. पुणेकर खणखणीत वाजवत.

"भगवान आला होता," म्हणाला. "घरात आला नाय. रस्त्यातून ओरडला, भरती हाय, येतोस का? मी म्हनलो, येतो. म्हनला, येताना जिरा आन, सगळ्यांना पुरंल इतका. एकट्यानं प्यायची सवय वाईट."

मी वर्तमानपत्र घेऊन रमची बाटली मागितली. त्याने आणलीच नव्हती.

"आता गॅस भरलेला द्या आप्पा. इतकी वर्सं तुमचा मचूळ जिरा पिऊन तोंडाची चव गेली."

गोटीच्या बाटल्या मी फळीवर मांडल्या. एक त्याने तिथेच अंगठ्याने फोडली. रस्त्यावरची माणसं वळून बघतील असा आवाज झाला. फेस हातावरून कोपरापर्यंत ओघळला. उभ्याउभ्या, सगळ्यांसमोर त्याने ती रिकामी केली.

त्यानंतर तो भगवानच्या होडीत किती वर्षं होता, याचा हिशेब मी ठेवला नाही. भगवान म्हातारा झाला तेव्हा होडी गणूच चालवायचा. आपटा गावाकडचा एक हात गेलेला जवान कुणाकडून तरी ऐकून त्याच्याकडे यायचा. गणू त्याला उपदेश करायचा नाही. चिखलात घेऊन जायचा. एका हाताने निवटी पकडणं फार कठीण, ती निसटते. दोघं जण खूप शिव्या द्यायचे आणि खूप हसायचे, हे मी स्वतः पाहिलं आहे.

माझा कारखाना पुढे बंद झाला. प्लास्टिकच्या बाटल्या आल्या, गोटीला कुणी विचारेना. कोळीवाड्यातल्या हळदीला अजून बोलावणं येतं, आणि आता मी जातो. हात कुठे ठेवायचे ते अजून कळत नाही. पण कुणी ग्लास पुढे केला आणि घेणाऱ्याला नको असला, की तो बोट बुडवून गुडघ्याला लावतो. पुढे कुणी आग्रह करत नाही. लावणाऱ्या पोरांतल्या किती जणांना हे कुठून आलं ते ठाऊक आहे, मला माहीत नाही. गणू तिथेच कुठेतरी टोपाशी उभा असतो, दोन्ही पायांवर. त्यातला पुणेकर आता तिसरा आहे. गुडघा पहिलाच.